मर्सिडीजला दुसरा नंबर कुणी दिला?

ऐंशीच्या दशकातल्या जर्मन गाड्यांचा विषय निघाला की संग्राहकांच्या गोतावळ्यात एक निकाल आधीच लागलेला असतो. बीएमडब्ल्यूची पहिली एम३, म्हणजे ई३० पिढीतली, ती अस्सल. मर्सिडीजची १९०ई २.३-१६ ही तिची नक्कल. जरा मऊ, जरा पोक्त, इंजिनसुद्धा उसनं. ज्याला एम३ परवडत नाही त्याने ही घ्यावी आणि समाधान मानावं.

हा निकाल इतक्या वेळा घोकला गेलाय की तो कोणत्या पुराव्यावर दिला गेला, हे विचारायची तसदीही कुणी घेत नाही. ती इथे घेऊ. माझं म्हणणं सरळ आहे. शर्यतीचं हत्यार म्हणून एम३ श्रेष्ठ होती, याबद्दल वाद नाही. पण रस्त्यावर चालवायची वेगवान गाडी म्हणून, इंजिनिअरिंगचा नमुना म्हणून आणि पुढच्या चाळीस वर्षांना वाट दाखवणारी गाडी म्हणून २.३-१६ दुसरी नाही, पहिली आहे. एम३च्या भक्तांचे चार प्रमुख मुद्दे एकेक करून तपासले की हे आपोआप दिसतं.

पहिला मुद्दा नकलेचा. इथे फक्त कॅलेंडर उघडायचं. २.३-१६ फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये लोकांसमोर आली १९८३ साली. त्याच फ्रँकफर्टमध्ये एम३ आली १९८५ साली आणि तिचं उत्पादन सुरू झालं १९८६ मध्ये. दोन वर्षं आधी आलेली गाडी दोन वर्षांनंतरच्या गाडीची नक्कल कशी करणार? छोट्या, चौकोनी, चार सिलिंडरच्या जर्मन सलूनला १६ व्हॉल्व्हचं हेड बसवायचं, पंख लावायचे, चाकांच्या कमानी रुंद करायच्या आणि शर्यतीच्या नियमापुरत्या गाड्या बाजारात विकायच्या, हा डाव या दोघींत आधी मांडला तो मर्सिडीजच्या श्टुटगार्टने. बीएमडब्ल्यूच्या म्युनिकने तो पाहिला आणि स्वतःचा डाव जास्त आक्रमकपणे मांडला. यात कमीपणा काही नाही. पण अनुयायी कोण, हे तरी नीट सांगावं.

इथेच दुसरी एक समजूत चिकटलेली असते. एम३ शर्यतीसाठी जन्मली आणि मर्सिडीजने मात्र घरगुती सलूनला खेळाडूचे कपडे चढवले, अशी. खरं म्हणजे दोघींचा जन्म एकाच कायद्याच्या पोटी झाला. तेव्हाच्या ग्रुप ए नियमांप्रमाणे बारा महिन्यांत ५,००० गाड्या बनवल्याशिवाय ते मॉडेल शर्यतीत उतरवता येत नसे, आणि सुधारित आवृत्तीसाठी आणखी ५०० गाड्या लागत. मर्सिडीजने हे काम हाती घेतलं तेच मुळी रॅलीच्या विचाराने. मधल्या काळात ऑडीने चारही चाकांना ताकद देणारी क्वात्रो आणली आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीने रॅली जिंकण्याचे दिवस सरत आले. मग श्टुटगार्टने तोंड सर्किटकडे वळवलं. दोन्ही गाड्यांच्या पायाशी कुटुंबाची सलूनच होती. एम३मध्ये बदल जास्त झाले, हे मान्य. बॉनेटसारखे मोजकेच पत्रे साध्या ३ सीरिजचे राहिले, मागची काच जास्त तिरकी केली, डिकीचं झाकण उंच केलं. पण बदल जास्त म्हणजे हेतू जास्त शुद्ध, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

दुसरा मुद्दा उसन्या इंजिनाचा. म्हणे मर्सिडीजला स्वतःला जमलं नाही म्हणून तिने इंग्लंडच्या कॉसवर्थकडे हात पसरले. आता कॉसवर्थ म्हणजे कोण? नॉर्थहॅम्प्टनची ही कंपनी. तिच्या डीएफव्ही इंजिनाने फॉर्म्युला वनच्या १५५ शर्यती जिंकल्या. सिलिंडर हेडमध्ये चार व्हॉल्व्ह कसे बसवायचे हे त्या काळी जगात ज्या मोजक्या लोकांना खरोखर कळत होतं, त्यांच्यात हे अग्रभागी. मर्सिडीजने आपल्या एम१०२ या चार सिलिंडर इंजिनाचा ब्लॉक ठेवला आणि वरचं हेड त्यांच्याकडून करवून घेतलं. २,२९९ सीसीमधून १८५ अश्वशक्ती निघाली.

आणि एम३चं इंजिन काय आभाळातून पडलं? एस१४चा ब्लॉक ज्या एम१० घराण्यातला, ते १९६२ पासून बीएमडब्ल्यूच्या साध्या गाड्यांत फिरत होतं. त्याचं हेड एम१ या सुपरकारच्या सहा सिलिंडर इंजिनावरून आलं. बीएमडब्ल्यूचे इंजिनतज्ज्ञ पॉल रोश यांच्या माणसांनी पहिला नमुना करताना त्या हेडमधले दोन सिलिंडर चक्क कापून टाकले, ही गोष्ट एम३चे चाहतेच कौतुकाने सांगतात. कौतुक रास्तच आहे. ते काम झकास होतं. पण घरातल्या जुन्या सामानातून इंजिन जुळवलं तर ती प्रतिभा आणि जगातल्या उत्तम कारागिराकडून हेड करवून घेतलं तर ती लाचारी, असा दुटप्पी न्याय चालणार नाही. शिवाय दोन्ही गाड्यांचा गिअरबॉक्स कुणाचा? दोन्हीकडे गेट्राग कंपनीचा. युरोपात विकलेल्या दोन्ही गाड्यांत पहिला गिअर डावीकडे खाली, म्हणजे शर्यतीच्या धाटणीचा. उसनवारीच मोजायची तर दोघींच्या वहीत नोंद आहे.

तिसरा मुद्दा विजेतेपदांचा, आणि एम३च्या बाजूचा हाच सर्वांत वजनदार. १९८७ ची टूरिंग कारची जागतिक स्पर्धा रोबेर्तो रावाल्यांनी एम३मध्ये जिंकली. त्याच वर्षी कोर्सिकाच्या रॅलीत बेर्नार बेगँ यांनी हीच गाडी पहिली आणली. जर्मन टूरिंग कार स्पर्धा, म्हणजे डीटीएम, तिने १९८७ आणि १९८९ मध्ये जिंकली. ही कामगिरी कुणी नाकारू शकत नाही, मीही नाकारत नाही. मर्सिडीजला डीटीएमच्या मुकुटासाठी १९९२ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा मात्र क्लाउस लुडविग, कुर्ट थीम आणि बेर्न्ड श्नायडर यांनी पहिल्या तिन्ही जागा घेतल्या, आणि त्याच मोसमात एलेन लोर यांनी होकेनहाइमला १९०ई इव्होल्यूशन टू या सुधारित आवृत्तीत शर्यत जिंकली. डीटीएमची शर्यत जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला.

पण खरा प्रश्न आकड्यांचा नाही. शर्यतीतल्या मुकुटावरून रस्त्यावरच्या गाडीची लायकी ठरते का, हा आहे. ठरत असेल तर नियम सगळ्यांना सारखा लावा. डीटीएम १९८५ मध्ये कुणी जिंकली? व्होल्व्हो २४० टर्बोने. १९८६ मध्ये रोव्हर व्हिटेसने. १९८८ मध्ये फोर्ड सिएराने. १९९० आणि १९९१, लागोपाठ दोन वर्षं, ऑडी व्ही८ने. मग व्होल्व्हो २४० च्या पोस्टरखाली कुणी का झोपत नाही? दोनदा लागोपाठ जिंकलेली ऑडी व्ही८ आज संग्राहकांच्या यादीत शोधावी का लागते? आणि १९८७ चं एम३चं डीटीएम विजेतेपद तरी कसं आलं? तिचे चालक एरिक व्हान द पूल यांनी त्या मोसमात एकही शर्यत जिंकली नव्हती. सातत्याने गुण गोळा केले आणि मुकुट मिळवला. नियमात बसलं, छानच. पण त्यावरून तुमच्या गॅरेजमधली गाडी वळणावर कशी वागेल हे कळत नाही.

याच न्यायाने मर्सिडीजवाल्यांची लाडकी कथाही मी पुराव्यातून बाद करतो. १२ मे १९८४ रोजी न्यूरबर्गरिंगच्या नव्या सर्किटच्या उद्घाटनाला वीस चालकांना एकसारख्या २.३-१६ देऊन शर्यत लावली गेली. लाउडा, प्रोस्ट, हंट, ब्रॅबम, मॉस असे रथी-महारथी होते आणि जिंकला कोवळा आयर्टन सेना. ऐकायला बहारीची गोष्ट. पण वीसही गाड्या सारख्याच असल्यावर जिंकणाऱ्याच्या हाताबद्दल कळतं, गाडीबद्दल काय कळणार? ती मर्सिडीजची उत्तम जाहिरात होती. जाहिरात तिकडची असो वा इकडची, तिला पुरावा म्हणू नये.

पुरावा हवा तर नार्दोला जा. ऑगस्ट १९८३. इटलीच्या दक्षिण टोकाजवळचा तो गोल टेस्ट ट्रॅक, एका फेरीला बारा किलोमीटरहून जास्त. तीन २.३-१६, थोडे फेरफार केलेल्या, रात्रंदिवस पळत राहिल्या. ५०,००० किलोमीटर, दोनशे एक तास आणि वर काही मिनिटं. सरासरी वेग ताशी सुमारे २४८ किलोमीटर, आणि त्यात पेट्रोल, टायर आणि चालक बदलायचा वेळही धरलेला. एका गाडीच्या डिस्ट्रिब्युटरमधल्या छोट्याशा भागाने दगा दिला म्हणून ती मागे पडली, एवढंच विघ्न. नवंकोरं हेड इतका काळ जवळपास पूर्ण दमाने चालवून दाखवणं, याला म्हणतात परीक्षा.

आता मुख्य विषयाकडे येतो. या दोन गाड्यांतला खरा फरक मागच्या चाकांपाशी आहे, आणि नेमकं तिथेच कुणी वाकून पाहत नाही.

एम३चं मागचं चाक एका तिरक्या आर्मवर बसवलेलं असतं. आर्म सबफ्रेमला दोन ठिकाणी टांगलेला. खड्डा आला की चाक वर जातं, पण नुसतं वर जात नाही. आर्मचा अक्ष तिरका असल्यामुळे चाक वर जाताजाता आतल्या बाजूला कलतं, आणि त्याचं तोंडही किंचित वळतं. सरळ रस्त्यावर हे जाणवत नाही. भर वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की जाणवतं. वजन पुढे जातं, मागची बाजू हलकी होते, चाकांची तोंडं बदलतात आणि गाडी मागून सरकते. कसलेल्या चालकाला यात मजा येते. ओल्या रस्त्यावर, संध्याकाळी, मागे पोरं बसलेली असताना कुणालाही येत नाही.

मर्सिडीजने १९८२ मध्ये साध्या १९० बरोबरच याचं उत्तर दिलं. मागच्या प्रत्येक चाकाला पाच वेगवेगळ्या लिंक. अवकाशात मोकळ्या असलेल्या कुठल्याही वस्तूला सहा प्रकारे हलता येतं. तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. एक लिंक एक हालचाल बांधते. पाच लिंकांनी पाच बांधल्या की उरते फक्त एक: वर-खाली. चाकाने कलायचं किती, वळायचं किती, हे प्रत्येक लिंकची लांबी आणि जागा ठरवून इंजिनिअर आधीच नक्की करू शकतो. चाक रस्त्याला धरून राहतं, ब्रेक मारला तरी आणि पाय उचलला तरी.

ही माझी आवड-निवड असती तर इतका जोर दिला नसता. पण निकाल खुद्द बीएमडब्ल्यूने दिलेला आहे. १९९० मध्ये पुढची ३ सीरिज, म्हणजे ई३६, आली तेव्हा म्युनिकने तिरके आर्म सोडले आणि मागे मल्टिलिंक बसवलं. त्यावरच पुढची एम३ उभी राहिली. ज्या मांडणीवरून मर्सिडीजला मऊ म्हणून हिणवलं जातं, त्याच वाटेने प्रतिस्पर्धी चालत आला.

पुण्याच्या वाचकाला तर हे ॲक्सल परकंही नाही. मर्सिडीजने भारतात गाड्या जोडायला सुरुवात केली ती १९९५ मध्ये, पिंपरीत टाटांच्या कारखान्यात. ती पहिली गाडी डब्ल्यू१२४. तिच्या मागे १९०चीच पाच लिंकची मांडणी होती. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर अशा गाडीतून खंडाळ्याचा घाट उतरलेल्या माणसाला, मागची चाकं वळणात कशी जागेवर राहतात हे मी वेगळं सांगायला नको.

२.३-१६ मध्ये याच्या जोडीला मागची उंची आपोआप सांभाळणारी हायड्रॉलिक यंत्रणा मिळत असे. चार माणसं आणि सामान भरलं तरी गाडीचं बूड खाली बसत नाही. तिच्यावर फार शिव्या पडतात. जुनी २.३-१६ चालवून लोक म्हणतात, मागून आपटते, उसळते, म्हणजे डिझाइनच चुकलं. आपटते कारण त्या यंत्रणेतल्या गोलांमधला नायट्रोजन इतक्या वर्षांनी संपलेला असतो. आत रबरी पडदा, एका बाजूला वायू, दुसऱ्या बाजूला तेल. वायू गेला की स्प्रिंगसारखा दबणारा भागच उरत नाही. गोल बदलले की गाडी पूर्ववत होते. देखभाल न करता गाडीला दोष देणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं.

आतही एकदा डोकावा. गिअर लिव्हरच्या पुढे, कन्सोलच्या तळाशी तीन छोटी घड्याळं: ऑइलचं तापमान, व्होल्टमीटर आणि चक्क एक स्टॉपवॉच. मागे बाकडं नाही, दोन माणसांसाठी स्वतंत्र कोरलेल्या सीट. दारं चार. मोठ्या माणसांना आब राखून मागे बसवता येतं आणि तीच गाडी ताशी २३० किलोमीटर जाते. एवढं सगळं एकाच गाडीत, तेही १९८३ साली.

एम३ला तिचं श्रेय देऊनच पुढे जातो. ती पन्नास-साठ किलोंनी हलकी, ताकदीने जास्त, २०० अश्वशक्तीची, आणि शंभराचा वेग लवकर गाठणारी. तिचं इंजिन वरच्या फेऱ्यांना जास्त उत्सुकतेने चढतं, स्टिअरिंग जास्त बोलतं. बंद ट्रॅकवर, हेल्मेट घालून, दहा फेऱ्या मारायच्या असतील तर मीही तिचीच किल्ली उचलेन. पण संग्राहकांनी घेतलेल्या किती एम३ आज ट्रॅकवर जातात? बहुतेक कापडाखाली झाकलेल्या आहेत. जो गुण वापरायचाच नाही, त्याच्या जोरावर दुसरीला कमी लेखायचं, हे फार सोयीचं आहे.

चौथा मुद्दा भावाचा. बाजार खोटं बोलत नाही, एम३ महाग आहे म्हणजे ती श्रेष्ठ आहे, असं छातीठोक सांगितलं जातं. दुर्मिळतेने हा फरक समजत नाही. एम३ कन्व्हर्टिबल धरून सुमारे १८,००० बनल्या, २.३-१६ सुमारे साडेएकोणीस हजार. दोन्ही जवळपास बरोबरीच्या. आणि सर्वांत वरच्या पायरीवर तर गणित उलटं होतं. मर्सिडीजची इव्होल्यूशन टू ५०२ बनली, एम३ची स्पोर्ट इव्होल्यूशन ६००, आणि लिलावात मर्सिडीजला अनेकदा जास्त बोली लागते. भाव हाच निकष असेल तर तिथे एम३च्या भक्तांनी मान तुकवायला हवी. ते तुकवत नाहीत. भाव सोयीचा असला की पुरावा, नसला की सट्टा.

मग साध्या एम३चा भाव एवढा का? माझ्या मते कारण नावात आहे. बीएमडब्ल्यूने एम३ हे नाव कायम जिवंत ठेवलं. दर काही वर्षांनी नवी एम३ येते, आणि तिच्या प्रत्येक जाहिरातीत पहिल्या एम३ची फुकट जाहिरात होते. घराण्याचा मूळ पुरुष म्हणून तिची आरती होते. मर्सिडीजने १६ व्हॉल्व्हचं बिरुद १९०बरोबरच गुंडाळून ठेवलं आणि पुढच्या सी-क्लासपासून वेगाचा मान एएमजी या नावाला दिला. २.३-१६ ला वारस उरला नाही. वारस नसलेल्याचं श्राद्ध कोण घालणार?

आणि आता एम३चा वारसा खरा कुणाकडून आला ते पाहा. दुसऱ्या पिढीतच एम३ चार दारांची मिळू लागली. २०१४ पासून तर दोन दारांची एम३ उरलीच नाही, ती झाली एम४. मागे मल्टिलिंक, चार माणसांना नीट जागा, लांबचा पल्ला आरामात गाठणारी आणि हवी तेव्हा उधळणारी. हे वर्णन १९८५ च्या एम३चं नाही. १९८३ च्या २.३-१६ चं आहे.

भारतात यातली कुठलीही आणणं आज जवळपास अशक्य. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करता येत नाही, वाट मोकळी आहे ती पन्नाशी ओलांडलेल्या विंटेज गाड्यांनाच. पण ब्रिटन, जर्मनी किंवा अमेरिकेत राहणारे आणि अशा गाडीसाठी पैसे साठवणारे मराठी शौकीन आहेत. त्यांना सांगणं एवढंच. एम३ कारखान्यातून कधीच उजव्या स्टिअरिंगची निघाली नाही, २.३-१६ ब्रिटनसाठी निघाली. घेताना सुरुवातीच्या इंजिनातली एकेरी टायमिंग चेन बदलली आहे का ते विचारा, नंतरच्या २.५-१६ मध्ये ती दुहेरी झाली. मागचे हायड्रॉलिक गोल तपासा. बॉशचं केई-जेट्रॉनिक इंजेक्शन ओळखणारा मेकॅनिक आधी शोधा, गाडी नंतर. जॅक लावायच्या जागांखाली गंज पाहा. एम३च हवी असेल तर जरूर घ्या, ती थोर गाडी आहे. पण परवडत नाही म्हणून २.३-१६ घेऊ नका. तिच्यावर तो शिक्का मारणाऱ्यांनी गाडीखाली वाकून पाहिलेलं नाही. तुम्ही पाहा, आणि पटली तर ती पहिल्या पसंतीची म्हणूनच घ्या.